बदली पंचांचे ते ४८ सामने : एनएफएलच्या मालकांना खुले पत्र

प्रति,
एनएफएलचे (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे) आयुक्त, ३१ संघांचे मालक आणि ग्रीन बे पॅकर्सचे अध्यक्ष
(पॅकर्सला एक मालक नाही, लाखो भागधारक आहेत. म्हणून त्यांचा उल्लेख वेगळा.)

विषय : २०१२च्या हंगामातली पंचांची टाळेबंदी, आणि यापुढचे करार

स. न. वि. वि.

जून २०१२ मध्ये आपण आपल्या १२१ पंचांना कामाबाहेर ठेवलंत. मराठीत आजही त्या प्रकाराला सर्रास ‘पंचांचा संप’ म्हटलं जातं. तो संप नव्हता. कामगार काम थांबवतो तो संप, मालक दाराला कुलूप लावतो ती टाळेबंदी. गिरणगावाचा इतिहास ज्यांच्या कानावर आहे त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. २०१२ मध्ये कुलूप आपलं होतं. त्यामुळे त्या हंगामाच्या पहिल्या ३ आठवड्यांत जे ४८ सामने बदली पंचांनी चालवले, त्यांचा हिशेबही आपल्याच नावावर लागतो.

हे पत्र त्या बदली पंचांची टर उडवण्यासाठी नाही. ती तेव्हा पुरेशी उडवून झाली आहे. आमचं म्हणणं एवढंच आहे की ती माणसं अडाणी नव्हती. ती दुसऱ्या खेळाचे नियम डोक्यात आणि हातात मुरलेली माणसं होती, आणि आपण त्यांना एकमेकांची ओळखही नीट होण्याआधी मैदानात उतरवलंत.

आधी पैशाचं. भांडण पगार, निवृत्तिवेतन आणि राखीव पंच या तीन गोष्टींवर होतं. निवृत्तिवेतनाची ठरलेली रक्कम देणारी जुनी योजना बंद करून, खात्यात पैसे भरायचे आणि बाजारात जे मिळेल ते पंचाचं, अशी ४०१(के) योजना आपल्याला हवी होती. शिवाय ७ जणांच्या ३ जादा तुकड्या, म्हणजे २१ पंच, तयार ठेवायचे होते. पंचांना भीती होती की या २१ जणांचे पैसे त्यांच्याच ताटातून निघतील. शेवटी जे ठरलं त्यात पंचाचा सरासरी वार्षिक पगार २०११च्या १,४९,००० डॉलरवरून २०१३ मध्ये १,७३,००० वर गेला. वाढ २४,००० डॉलर. तिला १२१ ने गुणा : साधारण २९ लाख डॉलर. ३२ संघांत वाटा : दर संघामागे वर्षाला ९१ हजारांच्या आत. २०१२च्या सप्टेंबरात बदली पंचांशी हुज्जत घातली म्हणून आपण डेन्व्हरच्या जॉन फॉक्सना ३० हजार, त्यांचे सहकारी जॅक डेल रिओ यांना २५ हजार आणि न्यू इंग्लंडच्या बिल बेलिचिक यांना ५० हजार दंड केलात. बेरीज १ लाख ५ हजार. तीन प्रशिक्षकांचा दंडच एका संघाच्या वर्षभराच्या वाट्यापेक्षा जास्त. ज्या लीगची उलाढाल नऊ अब्ज डॉलरच्या पुढे होती, तिचं हे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असं झालं.

बदली माणसं आणली कुठून? मोठ्या कॉलेज स्पर्धांचे पंच आपल्याला मिळाले नाहीत. उरले ते खालच्या श्रेणीच्या कॉलेजांचे, शाळांचे आणि छोट्या व्यावसायिक लीगमधले. ५ ऑगस्टला हॉल ऑफ फेम सामन्यात, म्हणजे सरावाच्या पहिल्याच सामन्यात, नाणेफेक कोणी जिंकली हे चुकीचं जाहीर होऊन पुन्हा दुरुस्त करावं लागलं. लोक हसले. खरा दोष मात्र नियमांच्या तपशिलात लपलेला होता, आणि तो सरावाच्या सामन्यांत फारसा दिसत नाही.

कॉलेजच्या खेळात झेल घेताना एक पाय मैदानात पडला तरी चालतो, आपल्याकडे दोन लागतात. कॉलेजमध्ये धावणाऱ्याचा गुडघा टेकला की खेळ थांबला, मग कुणी हात लावलेला असो वा नसो. आपल्याकडे प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श झालेला नसेल तर तो उठून पुन्हा पळू शकतो. तिकडे तेव्हा फर्स्ट डाउन (चार डाउन, म्हणजे प्रयत्नांत, दहा यार्ड गाठल्यावर मिळणारी नवी संधी) मिळालं की घड्याळ थांबायचं, इकडे चालू राहतं. पास अडवण्यासाठी बचावपटूने धक्का दिला तर कॉलेजमध्ये दंड जास्तीत जास्त १५ यार्ड. आपल्याकडे गुन्हा जिथे घडला तिथे चेंडू, मग ते अंतर ४५ यार्ड का असेना. पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला, म्हणजे पास झेलायला धावणाऱ्याला, हात लावायचा नाही, हा नियम तर फक्त आपला. मैदानावरच्या हॅश रेषा, ज्यांच्या आतच चेंडू खेळायला ठेवतात, त्यांच्यामधलं अंतर कॉलेजमध्ये ४० फूट, आपल्याकडे साडेअठरा फूट. म्हणजे बाजूच्या पंचापासून चेंडूपर्यंतचं अंतर आणि कोन दोन्ही बदलतात. वर्षानुवर्षं ज्या कोनातून माणसाने बघितलं, तो कोनच हलला की डोळा फसतो.

हे सगळं पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिता येतं. पण खेळाच्या वेळी पंचाकडे पाऊण सेकंद असतो, आणि त्या पाऊण सेकंदात वाचलेलं उपयोगी पडत नाही, सवय पडते. चित्रफितीवरच्या फेरतपासणीचंही तेच. तेव्हा मुख्य पंचाला कडेच्या पडद्यात डोकं घालून ६० सेकंदांत निकाल द्यावा लागे. कॉलेजमध्ये ते काम वरच्या खोलीतला माणूस करतो. त्यामुळे यांपैकी कित्येकांनी तो पडदा पहिल्यांदा हाताळला तो थेट आपल्या लीगमध्ये.

आता चुका बघा. त्यांचा एक विशिष्ट साचा आहे. पहिल्या आठवड्यात ॲरिझोनामध्ये अखेरच्या मिनिटात सिअ‍ॅटलचा खेळाडू जखमी झाला. शेवटच्या दोन मिनिटांत जखमी खेळाडूसाठी खेळ थांबला की तो संघाच्या टाइमआउटमध्ये धरायचा असतो. पंचांनी विचार केला की पास खाली पडल्यामुळे घड्याळ आधीच थांबलेलं आहे, मग धरायचा कशाला? सिअ‍ॅटलला एक टाइमआउट फुकट मिळाला. ॲरिझोना २०-१६ असं जिंकलं म्हणून प्रकरण दबलं. तिसऱ्या आठवड्यात मिनेसोटात सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक जिम हारबॉ यांनी शेवटचा टाइमआउट घेतला आणि मग विचारलं, आता निर्णयाला आव्हान देता येईल का? आव्हान फसलं तर टाइमआउट जातो, म्हणून ज्याच्याकडे टाइमआउटच नाही त्याला आव्हान देता येत नाही. एका ओळीचा नियम. पंचांनी घेतलेला टाइमआउट परत दिला आणि आव्हान मान्य केलं, तेही दोन वेळा. तिथेही मिनेसोटा २४-१३ जिंकलं आणि विषय संपला.

टेनेसीत मात्र तो संपला नाही. २३ सप्टेंबर, डेट्रॉइटविरुद्ध जादा वेळ. टेनेसीने स्वतःच्या ४४ यार्ड रेषेवरून पास टाकला, झेल दिला गेला, डेट्रॉइटच्या खेळाडूकडून धोकादायक टक्कर झाली म्हणून १५ यार्डांचा दंडही लागला. फेरतपासणीत झेल रद्द झाला, दंड कायम राहिला. आता दंड कुठून मोजायचा? झेल झालाच नाही, म्हणजे चेंडू मुळात जिथून खेळला गेला तिथून : टेनेसीची ४४, अधिक १५, म्हणजे डेट्रॉइटची ४१. पंचांनी मोजला तो डेट्रॉइटच्या ४४ वरून, आणि चेंडू ठेवला २९ वर. मैदान मधोमध ५० वर दुमडलेलं असतं, दोन्ही बाजूंना ४४ असते. चूक एवढीच. १५ऐवजी २७ यार्ड मिळाले. टेनेसीने त्याच चढाईत फील्ड गोल (किकचे तीन गुण) मारला आणि सामना ४४-४१ असा घेतला.

अशा वेळी मुरलेल्या तुकडीत काय होतं? दंड मोजण्याचं काम सातांपैकी अंपायर नावाचा पंच करतो, पण मागचा डाउन कुठून सुरू झाला हे कडेचे पंच मोजणीची साखळी धरणाऱ्यांच्या खुणेने धरून ठेवतात. कुणीतरी ओरडतं, ‘दुसरी बाजू!’ सात जणांपैकी एकाची चूक दुसऱ्याने पकडायची, यासाठीच ते सात असतात. सात अनोळखी माणसं उभी केली की सात वेगवेगळे पंच मिळतात, तुकडी मिळत नाही.

खेळाडूंनाही हे दोन आठवड्यांत कळलं. पंच धरपकड देत नाही म्हटल्यावर धरपकड वाढते, आणि अंदाज आला की तो फक्त मोठ्याने ओरडणाऱ्याचं ऐकतो, मग सगळेच ओरडतात. १७ सप्टेंबरला अटलांटात डेन्व्हरविरुद्धचा पहिला क्वार्टर, घड्याळावर १५ मिनिटांचा, संपायला जवळपास तास लागला. ते निदान वेळेचं नुकसान. पिट्सबर्गच्या रायन मंडीने ओकलंडच्या डॅरियस हेवर्ड-बे याच्या डोक्यावर आदळून त्याला बेशुद्ध केलं, तेव्हा गुन्ह्याची खूण म्हणून टाकायचा पिवळा रुमाल पडला नाही. आठवडाभर आधी सिअ‍ॅटलच्या गोल्डन टेटने डॅलसच्या शॉन लीला असाच आडवा केला, तेव्हाही नाही. दोघांनाही आपण नंतर प्रत्येकी २१ हजारांचा दंड केलात. हे वरातीमागून घोडं. खेळाडूंच्या सुरक्षेसाठी नियम कडक करायचे आणि ते राबवणाऱ्यांनाच बाहेर बसवायचं, ही विसंगती खेळाडू संघटनेने आपल्याला लेखी कळवली होती.

एक गोष्ट मात्र आनंदाने नोंदवतो. ९ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये शॅनन ईस्टिन या लाइन जज, म्हणजे कडेच्या पंच, म्हणून उभ्या राहिल्या. नियमित हंगामाच्या सामन्यात पंच म्हणून काम करणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यासाठी टाळेबंदी व्हावी लागली, हे आपल्याला शोभणारं नव्हतं.

आणि मग २४ सप्टेंबर, सिअ‍ॅटल. भारतात मंगळवारी सकाळी सहा वाजता सुरू झालेला सामना. ग्रीन बे १२-७ पुढे, ८ सेकंद शिल्लक, चौथा डाउन, चेंडू ग्रीन बेच्या २४ वर. यजमानांच्या रसेल विल्सनने एंड झोनच्या (गोलरेषेमागच्या पट्ट्याच्या) डाव्या कोपऱ्यात उंच चेंडू भिरकावला. खाली घोळका. टेटने आधी दोन्ही हातांनी ग्रीन बेच्या सॅम शील्ड्सला ढकलून जमिनीवर पाडलं. अशा शेवटच्या फेकीत थोडी ढकलाढकली पंच सोडून देतात, हा या खेळाचा अलिखित रिवाज आहे. पण दोन हातांनी, पाठीवर, उघड्यावर दिलेला धक्का त्या रिवाजात बसत नाही. तिथे रुमाल पडला असता तर सामना तिथेच संपला असता. २५ तारखेच्या आपल्या निवेदनात आपणच हे मान्य केलंत.

मग ग्रीन बेच्या एम. डी. जेनिंग्सने उडी मारून चेंडू दोन्ही हातांत धरून छातीशी ओढला. टेटचा एक हात चेंडूवर होता, दुसरा आत-बाहेर करत होता. खाली येता येता दोघंही चेंडूला बिलगलेले. नियम सांगतो, दोघांनी एकाच वेळी झेलला आणि दोघांनी धरून ठेवला तर चेंडू पास टाकणाऱ्या संघाचा. पण त्याच नियमाचं पुढचं वाक्य असं : एकाने आधी ताबा मिळवला आणि दुसऱ्याने नंतर हात घातला, तर तो एकाच वेळचा झेल नव्हे. त्या रात्रीचा सगळा वाद या दुसऱ्या वाक्याचा आहे. हवेत असताना झेल ‘पूर्ण’ होत नाही, पाय टेकावे लागतात, म्हणून टेटच्या बाजूने युक्तिवाद करणारे आहेत. आम्हाला तो पटत नाही. नियमात शब्द ‘ताबा’ आहे, आणि ताबा हवेत मिळतो.

पण क्षणभर निर्णय बाजूला ठेवा आणि पद्धत बघा. गोलरेषेपाशी धावत आलेले दोन पंच चेंडूपासून दोन पावलांवर उभे आहेत. शिकवण अशी की आधी चेंडू शोधा, मग समोरच्या पंचाच्या डोळ्यात बघा, मानेने होकार मिळाला तरच हात उचला. इथे साइड जजने दोन्ही हात सरळ वर केले : टचडाउन, म्हणजे पास टाकणाऱ्या संघाला सहा गुण. त्याच क्षणी बॅक जजने दोन्ही हात डोक्यावर ओवाळले. जगाने त्याचा अर्थ घेतला, ‘नाही, चेंडू ग्रीन बेचा’. वास्तविक त्या खुणेचा अर्थ आहे, ‘घड्याळ थांबवा’. म्हणजे बॅक जज म्हणत होता, थांबा, बोलून ठरवू. बोलणं झालंच नाही, कारण शेजारचे हात आधीच वर गेले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते इतकं शब्दशः क्वचितच घडतं.

पुढे फेरतपासणी. ढकलण्याचा गुन्हा तेव्हा तपासणीच्या कक्षेतच नव्हता. एंड झोनमधला एकाच वेळचा झेल तपासता येत होता, पण मैदानावरचा निर्णय फिरवायला निर्विवाद पुरावा लागतो, आणि दहा बोटांच्या त्या गुंत्यात तो मिळाला नाही. म्हणजे साइड जजने घाईने हात वर केले, तिथेच निकाल गोठला. तो आधी बोलला असता आणि निर्णय उलटा दिला असता, तर तोही तपासणीत तसाच टिकला असता. शेवटी लॉकर रूममध्ये गेलेल्या ग्रीन बेच्या खेळाडूंना परत बोलावून जादा गुणाची किक मारली गेली. १४-१२.

या एका निर्णयाची किंमत जानेवारीत कळली. ग्रीन बेने हंगाम ११-५ (विजय-पराभव, बरोबरी असल्यास तिसरा आकडा) वर संपवला, सॅन फ्रान्सिस्कोने ११-४-१ वर. सिअ‍ॅटलचा सामना ग्रीन बेच्या खात्यात असता तर १२-४, म्हणजे दुसरं मानांकन, पहिल्या फेरीत विश्रांती. प्रत्यक्षात त्यांना मिनेसोटाविरुद्ध एक जादा सामना खेळावा लागला, आणि पुढच्या फेरीत परक्या मैदानावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये, यजमानांच्या कॉलिन कॅपरनिकने एकट्याने १८१ यार्ड धावून त्यांना ४५-३१ असं बाहेर काढलं. ग्रीन बे स्वतःच्या बर्फाळ मैदानावर जिंकलंच असतं असा आमचा दावा नाही. मैदान कुठलं असावं हे मात्र सप्टेंबरातल्या त्या घाईच्या हातांनी ठरवलं.

गंमत अशी, की विस्कॉन्सिनचे राज्यपाल स्कॉट वॉकर, ज्यांनी वर्षभर आधी सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांचे अधिकार छाटले होते, त्यांनीही दुसऱ्या दिवशी खरे पंच परत आणा अशी जाहीर मागणी केली.

२६ सप्टेंबरच्या रात्री समझोता झाला. आठ वर्षांचा. जुन्या पंचांचं निवृत्तिवेतन २०१६च्या हंगामापर्यंत किंवा त्यांची २० वर्षं भरेपर्यंत कायम, मग नवी योजना. २०१३ पासून काही पंच पूर्णवेळ नेमण्याची आपल्याला मुभा. २७ तारखेला बाल्टिमोरमध्ये जीन स्टेरेटोर यांची तुकडी मैदानात आली तेव्हा प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पंचांसाठी! २९ तारखेला पंचांच्या संघटनेने करार ११२ विरुद्ध ५ मतांनी मंजूर केला. म्हणजे सिअ‍ॅटलनंतर जे दोन दिवसांत जमलं, ते जूनपासून जमत नव्हतं.

आपली बाजूही आम्ही समजून घेतो. नियमित पंच चुकत नाहीत असं कोण म्हणेल? जानेवारी २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये रॅम्सच्या बचावपटूने चेंडू पोचायच्या आधीच यजमान सेंट्सच्या टॉमीली लुइसला उडवलं. अनुभवी पंचांनी रुमाल टाकला नाही, आणि सेंट्सची सुपर बोल, म्हणजे अंतिम लढत, हुकली. त्यावर आपण पास अडवण्याचे निर्णय तपासणीत आणलेत आणि २०१९चा एक हंगाम संपताच ती तरतूद काढून टाकलीत. अनुभवी तुकडीही चुकते. पण ती नजरेच्या जागी चुकते. चेंडू कुठल्या ४४ वर ठेवायचा, टाइमआउट किती उरले, यात ती सहसा चुकत नाही.

आणि राखीव २१ पंचांची आपली मागणी मुळात बरोबर होती. तिची वेळ आणि पैशाची सोय चुकली. म्हणून आमच्या मागण्या तीन. पंचांच्या प्रत्येक करारात असं कलम घाला की मुदत संपली आणि नवा करार झाला नाही, तर जुन्याच अटींवर तो हंगाम सुपर बोलपर्यंत खेळला जाईल आणि वाढलेला पगार मागील तारखेपासून चुकता होईल. मग सप्टेंबर हे कुणाच्याच हातातलं हत्यार उरणार नाही. दुसरं, राखीव तुकड्या ठेवा, पण त्यांचा खर्च नियमित पंचांच्या रकमेतून न काढता लीगच्या खात्यातून करा, आणि त्यांना तुकडी म्हणूनच घडवा : तेच सात जण, संघांच्या सराव शिबिरांत आणि सरावाच्या सामन्यांत, किमान दोन उन्हाळे, घड्याळ आणि दंडमोजणीच्या तालमीसह. सुट्या माणसांची यादी म्हणजे राखीव तुकडी नव्हे.

तिसरं, त्या ४८ सामन्यांचं खेळागणिक मूल्यमापन आपल्याकडे असणारच, कारण आपण प्रत्येक सामन्यातल्या प्रत्येक पंचाला गुण देता. नावं झाकून ते खुलं करा. नियमाची चूक किती, नजरेची किती, आणि आपसात न बोलल्यामुळे झालेली किती, असे तीन रकाने पुरेत. शाळा-कॉलेजांचे पंच घडवणाऱ्यांना तो कागद कुठल्याही नियमपुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडेल, आणि पुढच्या वेळी वाटाघाटीला बसताना आपल्यालाही तो समोर ठेवता येईल.

कळावे,
हा खेळ नियमपुस्तकासह पाहणारे काही मराठी प्रेक्षक